अँटिव्हायरस टाकला आणि लॅपटॉप सुरूच होईना – मदत हवी आहे (तातडीचं!)

कृष्णाकाठ – १८ तारीख, रात्री ८:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती विभागात असते, तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कराडला घरून अकाउंट्सची कामं करते. अकरा दुकानदारांचं जीएसटी माझ्याकडे आहे. २० तारखेला थ्री-बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) भरायचं आणि आज १८. लॅपटॉप विंडोज ११चा, दोन वर्षं जुना. परवा नेहमीच्या दुकानातल्या मुलाने नवीन अँटिव्हायरस टाकून दिला, तीन वर्षांची की. दुकानात चालू करून दाखवला, बंद करून पिशवीत घालून दिला, घरी परवा आणि काल व्यवस्थित चालला. आज दुपारी कोपऱ्यात 'रीस्टार्ट करा' अशी पाटी आली म्हणून मी केलं. तेव्हापासून कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल गोल फिरत राहतात, पाचेक मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी निळा पडदा आला, त्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' आणि मग 'तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही'.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "मॅडम घेऊन या, विंडोज मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणार. टॅलीचा सगळा डेटा आत आहे. शेवटचा बॅकअप ३ तारखेचा. काय करू? (फोनवरून लिहितेय, टायपो माफ करा.)

कल्याण_स्लो – रात्री ८:५८

विंडोज मारून घ्या ताई, डोक्याला ताप नको. डेटा डी ड्राइव्हला असेल तर त्याला धक्का लागत नाही. माझं तीनदा केलंय.

जुना_फ्लॉपीवाला – रात्री ९:०३

थांबा! ताई, लॅपटॉप दुकानात नेऊ नका आणि कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. कल्याणराव, तुमचं तीनदा झालं ते जुन्या मशिनवर. हल्लीच्या विंडोज ११च्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपसूक कुलूपबंद असते. डी ड्राइव्हही त्याच कुलपात. विंडोज मारताना किल्ली हाताशी नसेल तर डी ड्राइव्ह समोर दिसेल, उघडणार मात्र नाही.

आधी चार प्रश्न:
नवीन टाकण्याआधी जुना कुठला अँटिव्हायरस होता का? तो काढला होता का?
निळ्या पडद्यावर काही इंग्रजी कोड येतो का?
पेनड्राइव्ह, डोंगल, प्रिंटर काही लावलेलं आहे का? असेल तर सगळं काढा.
लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना कुणाचा ईमेल टाकला होता?

मीठभाकर – रात्री ९:०७

ऐकतोय. माझ्याकडेही दोन आहेत, एक फुकटचा आणि एक विकतचा. दोन असले की दुप्पट सुरक्षा ना?

जुना_फ्लॉपीवाला – रात्री ९:०९

मीठभाकर, तुमच्याशी नंतर बोलतो. आधी एक काढून टाका.

कृष्णाकाठ – रात्री ९:२६

काका, जुना होता. त्याची मुदत मार्चमध्ये संपली, रोज लाल पाटी यायची. म्हणून तर नवीन घेतला. दुकानातला मुलगा टाकत असताना 'दुसरा अँटिव्हायरस सापडला' असं काहीतरी आलं होतं, त्याने पुढे पुढे दाबलं. मी विचारलं तर म्हणाला, "एक्सपायर झालेला आहे मॅडम, तो झोपलेलाच आहे."

कोड काही येत नाही. डोंगल काढलं. ईमेलचं आठवत नाही, भाच्याने सुरू करून दिला होता.

निळा_पडदा – रात्री ९:४१

फ्लॉपीकाकांच्या परवानगीने. हिंजवडीत सपोर्टला आहे, दिवसभर हेच करतो.

मुदत संपलेला अँटिव्हायरस झोपत नाही. फक्त नवीन व्हायरसांची यादी आणणं थांबतं. त्याचे ड्रायव्हर (विंडोजच्या अगदी आत बसणारे छोटे प्रोग्रॅम) विंडोज सुरू होताना पूर्वीसारखेच चढतात. हे ड्रायव्हर सोसायटीच्या वॉचमनसारखे असतात. कुठलीही फाइल उघडायची म्हटली की विनंती आधी त्यांच्या टेबलावरून जाते, त्यांनी मान हलवली की पुढे. तुमच्याकडे आता दारात दोन वॉचमन आहेत. पहिला म्हणतो दुसऱ्याला तपासल्याशिवाय सोडणार नाही, दुसरा म्हणतो आधी तू तुझं ओळखपत्र दाखव. आत कुणीच जात नाही, ठिपके फिरत राहतात.

आणि दोन दिवस का चालला, हा खरा मुद्दा. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. 'शट डाउन' केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. त्यामुळे रोज बंद-चालू केलं तरी ड्रायव्हर पहिल्यापासून चढत नाहीत. 'रीस्टार्ट' दाबलं की मात्र सगळं शून्यातून सुरू होतं. दुकानातल्या मुलाने बंद करून दिला म्हणजे त्याने परीक्षा घेतलीच नाही, ती आज दुपारी तुमच्याकडून झाली.

कृष्णाकाठ – रात्री ९:४८

अय्या, म्हणजे बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट हे एकच नाही? मी आजवर सगळ्यांना "बंद करून चालू कर" असंच सांगत आलेय.

निळा_पडदा – रात्री ९:५५

उलटं आहे हो, खरं बंद-चालू रीस्टार्टनेच होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तर मात्र पूर्ण बंद होतं.

आता करायचं ते. निळ्या रिपेअरच्या पडद्यावर 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असेल. तिथे ट्रबलशूट, पुन्हा अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. नऊ ओळींची यादी येईल. त्यात ४ दाबा, तो सेफ मोड. सेफ मोडमध्ये बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक ड्रायव्हर चढत नाहीत, वॉचमन खालीच राहतात.

पडदा आपोआप आला नाही तर ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. दोन-तीनदा असं अर्ध्यात बंद पडलं की विंडोज स्वतःच रिपेअरमध्ये जातं. एरवी हे करू नये, आज नाइलाज.

पेठेतली_पेन्शनर – रात्री १०:०२

त्याच यादीत आठवा पर्याय असतो, 'अर्ली लाँच अँटी-मालवेअर प्रोटेक्शन' बंद करायचा. आमच्या जावयाने तो दाबून चालू करून दिलं होतं.

निळा_पडदा – रात्री १०:०८

आजी, बरोबर आहे, पण तो वेगळ्या दुखण्याचा उपाय. विंडोज ८पासून अँटिव्हायरसचा एक छोटा ड्रायव्हर इतर सगळ्यांच्या आधी चढतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला चांगला, वाईट किंवा अनोळखी असा शिक्का मारतो. एखाद्या साध्या ड्रायव्हरवर चुकून 'वाईट' शिक्का पडला आणि त्यामुळे मशीन अडलं तर आठवा पर्याय कामाला येतो. दोघांच्या भांडणात तो पुरत नाही. आधी ४.

कृष्णाकाठ – रात्री १०:३१

स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट केलं आणि वेगळाच निळा पडदा आला. 'बिटलॉकर रिकव्हरी' म्हणतोय, ४८ आकडी नंबर मागतोय. मी असलं काही कधीच लावलेलं नाही. आता हातपाय गळालेत.

जुना_फ्लॉपीवाला – रात्री १०:३६

हेच ते कुलूप, मघाशी म्हणत होतो ते. घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. तुम्ही लावलं नाहीत, विंडोजने लावलं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला की होम आवृत्तीतही डिस्क कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. म्हणून विचारत होतो ईमेल कुणाचा. भाच्याला फोन लावा. त्याने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन डिव्हायसेसखाली 'रिकव्हरी की' बघायची. दोन-तीन किल्ल्या दिसल्या तर तुमच्या पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या.

कृष्णाकाठ – रात्री ११:१४

भाचा हैदराबादला, नाइट शिफ्टला. त्याला मिळाली!!! व्हॉट्सअॅपवर पाठवली. टाकतेय. सहा-सहाचे आठ गट, चष्मा लावून.

सनीवेलकर – रात्री ११:२०

अवांतर: सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ने नि:शेष भाग जातो. म्हणून एखादा आकडा चुकला की बिटलॉकरला लगेच कळतं. फोनवर कुणी किल्ली सांगत असेल तर गट कागदावर लिहून भागून बघा, चूक कुठल्या गटात आहे ते सापडतं.

कल्याण_स्लो – रात्री ११:२२

रात्री सव्वाअकराला ११ने भागाकार. धन्य आहात.

(बाकी ताई, मघाशी मी घाईत सल्ला दिला, माफ करा. हे कुलपाचं मला ठाऊक नव्हतं.)

कृष्णाकाठ – रात्री ११:३३

किल्ली लागली. यादी आली. ४ दाबलं. चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहून आलंय, अक्षरं मोठी मोठी झालीत. पण पिन चालत नाही! 'पिन सध्या उपलब्ध नाही' असं काहीतरी.

निळा_पडदा – रात्री ११:३६

सेफ मोडमध्ये बऱ्याचदा पिन चालत नाही, पासवर्ड लागतो. 'साइन-इन ऑप्शन्स'खाली किल्लीचं चित्र असेल. तुमचं खातं वेगळं आहे की भाच्याचंच?

कृष्णाकाठ – रात्री ११:५१

वेगळं. भाच्याने नंतर माझ्या नावाने काढून दिलं होतं. पासवर्ड गेल्या वर्षीच्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाखाली सापडला. आत आलेय. टॅलीचं फोल्डर दिसतंय!!! रडू येतंय.

जुना_फ्लॉपीवाला – रात्री ११:५४

आधी तेच फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर. घेतल्यावर पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा आणि झोपा. उरलेलं उद्या सकाळी.

---

निळा_पडदा – १९ तारीख, सकाळी ७:४०

ताई उठेपर्यंत पुढचं लिहून ठेवतो.

सेफ मोडमध्ये कंट्रोल पॅनेलमधून जुना अँटिव्हायरस काढायला जाल तर बहुधा 'विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस'ला हात लागत नाही अशी तक्रार येईल. सेफ मोडमध्ये ती सेवा बंदच असते. त्यासाठी जवळपास प्रत्येक कंपनी एक वेगळं छोटं काढणी-साधन फुकट देते. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या 'रिमूव्हर प्रो' वगैरे जाहिरातींच्या नादाला लागू नका. शेजारच्या संगणकावर उतरवा, दुसऱ्या पेनड्राइव्हने आणा. क्रम असा: आधी जुन्याचं साधन चालवा, मग नव्याचंही. दोन्ही गेले की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, तुम्ही उघड्यावर पडणार नाही.

मीठभाकर – सकाळी ८:१५

म्हणजे डिफेंडर पुरतो? मग आम्ही पैसे कशाला भरतोय?

सनीवेलकर – सकाळी ८:३२

माझ्या मते घरच्या वापराला डिफेंडर, वेळच्या वेळी अपडेट आणि बॅकअप एवढं पुरे. दहा वर्षांपूर्वी मी असं म्हटलं नसतं. लहान मुलांच्या वापरावर नजर ठेवायची असेल, एखाद्या ऑफिसात पंधरा मशिन एका जागेवरून सांभाळायची असतील तर विकतच्याला अर्थ आहे. पण एका वेळी एकच, यावर वाद नाही.

पेठेतली_पेन्शनर – सकाळी ८:५०

आमच्या जावयाचं उलट मत आहे. पण तो विकतो, तेव्हा जाऊ दे.

रत्नांग्री_एक्स्प्रेस – सकाळी ९:१२

धागा पळवतोय, क्षमस्व. माझंही हेच झालंय, पण डेस्कटॉप, विंडोज १०, सेफ मोडही येत नाही. तिथेही ठिपकेच. ऑपरेटिंग सिस्टीमचं पोस्टमॉर्टेम करायची तयारी आहे, रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीची) भीती नाही.

निळा_पडदा – सकाळी १०:०५

मग ऐका. हे फक्त तुमच्यासाठी. कृष्णाकाठ ताई, तुम्ही हा प्रतिसाद वाचू नका.

रिपेअरच्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडा. पहिली फसगत इथेच होते: तिथे तुम्ही 'एक्स' ड्राइव्हवर असता, ते रिपेअरचं तात्पुरतं विंडोज. तुमचं खरं विंडोज 'सी'वर असेल असंही नाही, 'डी' किंवा 'ई' असू शकतं. फोल्डरं उघडून खात्री करा.

मग तुमच्या विंडोजच्या सिस्टीम३२ मधलं कॉन्फिग फोल्डर. त्यातल्या 'सिस्टीम' नावाच्या फाइलची एक प्रत बाजूला काढा. हे विसरलात तर पुढचं करू नका. आता रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं साधन) चालवा, लोकल मशीनवर उभं राहून 'लोड हाइव्ह'ने तीच फाइल चढवा, नाव काहीही द्या. त्यात 'सिलेक्ट'खाली 'करंट' किती आहे बघा, बहुधा १. म्हणजे कंट्रोलसेट००१ मध्ये काम करायचं. तिथे सर्व्हिसेसखाली अँटिव्हायरसचे ड्रायव्हर सापडतील. एका कंपनीच्या ड्रायव्हरांची पहिली दोन-तीन अक्षरं सहसा सारखी असतात. प्रत्येकात 'स्टार्ट' नावाचा आकडा आहे. ० म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर चढणारा, १ त्याच्या मागून, २ आपोआप, ३ मागणी आली तर, ४ म्हणजे बंद. आधीचा आकडा कागदावर लिहा, ४ करा, 'अनलोड' करून रीस्टार्ट.

एक मोठी मेख. ४ करण्याआधी कंट्रोल, क्लासमध्ये डिस्क आणि व्हॉल्यूमच्या नोंदींत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' (वाटेत बसणाऱ्या ड्रायव्हरांच्या याद्या) तपासा. त्यात त्याच ड्रायव्हरचं नाव असेल तर ते आधी तिथून काढावं लागतं. नाहीतर विंडोज डिस्क उघडताना त्याला हाक मारतं, तो नसतो, आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा मिळतो. ड्रायव्हरची फाइल सरळ उडवणाऱ्यांचं बहुधा असंच होतं.

रत्नांग्री_एक्स्प्रेस – सकाळी ११:४८

झालं. डिस्कच्या अपरफिल्टर्समध्ये खरंच एक नाव होतं. ते काढलं, तिघांचा स्टार्ट ४ केला. आता चालू डेस्कटॉपवरून लिहितोय. दंडवत.

जुना_फ्लॉपीवाला – दुपारी १२:१०

अवांतर, ताई येईपर्यंत. अँटिव्हायरसला एवढ्या आत, बुटिंगच्या दारात बसवलं कुणी, याचं उत्तर फ्लॉपीत आहे. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांचा 'ब्रेन' आला, तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच राहायचा. म्हणजे मशीन चालू होताना पहिला चढणारा व्हायरस. जो पहिला चढतो त्याच्या हातात सगळं, मग त्याच्याही आधी चढणारा रखवालदार हवा. ती शर्यत आजतागायत चालू आहे. आमच्याकडे पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लॉपीच्या कोपऱ्यावर चांदीचा कागद चिकटवून ती 'राइट प्रोटेक्ट' करायचो, तोच आमचा अँटिव्हायरस.

आणि दुकानाच्या काउंटरवर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता अँटिव्हायरसच्या धंद्यात पोचलेले क्विक हीलचे कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातले, रहिमतपूरचे. ताईंच्या शेजारचेच.

कल्याण_स्लो – दुपारी १२:२५

काका, एवढ्या आत बसलेला चुकला की काय होतं ते २०२४मध्ये बघितलं की. मी त्या शुक्रवारी मुंबई विमानतळावर होतो. हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला, निळ्या बॉलपेनने, माझं आडनाव चुकवून. अजून जपून ठेवलाय.

निळा_पडदा – दुपारी १:०२

१९ जुलै २०२४. आम्ही त्या दिवशी जेवलो नाही.

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी ९:३९ला एक छोटी फाइल पाठवली, नावात २९१ असलेली. १०:५७ला मागे घेतली. सव्वा तासाच्या आसपास. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिन पडली, आणि ती म्हणजे जगातल्या विंडोज मशिनच्या एक टक्क्याहून कमी. चूक हास्यास्पद होती. एका जागी २१ रकाने सांगितलेले, प्रत्यक्षात हातात २०च. एकविसाव्यासाठी ड्रायव्हरने नसलेल्या जागी हात घातला आणि विंडोजच कोसळलं. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा पडला असता.

उपाय दोन ओळींचा: सेफ मोडमध्ये जा, ती फाइल उडवा. पण तो प्रत्येक मशिनपाशी जाऊन, हाताने. आमच्या मजल्यावर दोनशेच्या वर लॅपटॉप, प्रत्येकाला ४८ आकडी किल्ली, आणि किल्ल्या ज्या सर्व्हरवर तोही निळा. मायक्रोसॉफ्टने क्लाउडमधल्या मशिनसाठी चक्क "रीस्टार्ट करत राहा, १५ वेळासुद्धा लागतील" असं सांगितलं होतं. आणि काही उठलीसुद्धा! बूट होता होता नेट लागून दुरुस्त फाइल आधी पोचली तर मशीन वाचायचं.

सनीवेलकर – दुपारी १:३०

२१ एप्रिल २०१० विसरू नका. मॅकाफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३वरची 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची स्वतःचीच फाइल व्हायरस ठरवून उचलली. मशिन्स रीस्टार्टच्या फेऱ्यात, नेटवर्क गायब. म्हणजे दुरुस्तीही नेटवरून पाठवता येईना. तेव्हा मॅकाफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी जॉर्ज कर्ट्झ होते. २०२४मध्ये क्राउडस्ट्राइकचे प्रमुख कोण, ते तुम्हीच बघा.

मीठभाकर – दुपारी १:३४

तेच??

सनीवेलकर – दुपारी १:३५

तेच.

पेठेतली_पेन्शनर – दुपारी २:११

आणि कधी कधी दोष अँटिव्हायरसचाही नसतो. एप्रिल २०१९मध्ये विंडोज ७चा महिन्याचा अपडेट आला आणि सोफोस, अव्हास्ट, अविरा हे अँटिव्हायरस असलेली मशिनं चालू होतानाच गोठायला लागली. मायक्रोसॉफ्टने मग अशा काही मशिनांना तो अपडेट देणंच थांबवलं. नांदणं दोघांचं, भांडण दोघांचं. आम्ही तेव्हा बँकेत होतो, निवृत्तीला आठ महिने राहिले होते, सगळं आठवतंय.

कृष्णाकाठ – दुपारी ४:०५

मंडळी, तुम्ही इतिहासात रमलात, इकडे माझी वर्तमानात नवी पंचाईत.

सकाळी शेजारच्या सायलीच्या कॉम्प्युटरवरून दोन्हींची काढणी-साधनं आणली. सेफ मोडमध्ये निळा पडदा म्हणाले तसंच झालं, कंट्रोल पॅनेलने नकार दिला. मग जुन्याचं साधन, रीस्टार्ट, पुन्हा सेफ मोड, नव्याचं साधन. शेवटचं रीस्टार्ट साधं केलं आणि अर्ध्या मिनिटात लॉगिनचा पडदा आला!!! ठिपके गायब.

पण कीबोर्ड मेलाय. एकही बटण चालत नाही. टचपॅड चालतंय. सायलीचा यूएसबी कीबोर्ड आणून लावला, तोही मेलेला. तो तिच्याकडे चालतो. आता लॉगिन कसं करू?

निळा_पडदा – दुपारी ४:१२

उत्तम लक्षण! खरंच. दोन्ही कीबोर्ड एकदम मेले म्हणजे कीबोर्ड बिघडलेले नाहीत. काही अँटिव्हायरस पासवर्ड चोरीपासून वाचवायला कीबोर्डच्या वाटेवरही एक वॉचमन बसवतात. काढणी-साधनाने वॉचमनला हाकलला, पण हजेरीपटावर त्याचं नाव राहिलं. विंडोज त्याची वाट बघतंय, तोवर कुठल्याच कीबोर्डला आत सोडत नाही.

लॉगिनच्या पडद्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं चिन्ह आहे. त्यातून 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' सुरू करा, टचपॅडने एक एक अक्षर दाबून आत या. आत आल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळा त्रिकोण आणि 'कोड ३९' दिसतो का सांगा.

कृष्णाकाठ – दुपारी ४:२९

आले आत. हो! पिवळा त्रिकोण, कोड ३९. दोन्हींवर.

निळा_पडदा – दुपारी ४:३८

आता रेजएडिट उघडावं लागेल. आधी मेनूतून एक्स्पोर्ट करून प्रत काढा. मग लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास. तिथे कंसातल्या लांबलचक नावांची रांग आहे, त्यात ४डी३६ई९६बी ने सुरू होणारं शोधा. उजवीकडे क्लास 'कीबोर्ड' लिहिलंय ना, खात्री करा. त्यातलं 'अपरफिल्टर्स' (तोच हजेरीपट) दोनदा दाबून उघडा आणि आत काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं सांगा. काहीही पुसू नका.

कृष्णाकाठ – दुपारी ४:५०

दोन ओळी आहेत. एक त्या जुन्या कंपनीच्या अक्षरांनी सुरू होते. दुसरी 'केबीडीक्लास'.

निळा_पडदा – दुपारी ४:५२

फक्त पहिली ओळ पुसा. 'केबीडीक्लास' राहिलीच पाहिजे, तो विंडोजचा स्वतःचा. ती गेली तर परत लिहीपर्यंत कीबोर्ड गप्प. ओके, मग 'रीस्टार्ट'. शट डाउन नाही.

कृष्णाकाठ – दुपारी ५:०८

हे मी लॅपटॉपवरून लिहितेय. कीबोर्डवर. दोन्ही हातांनी.

डिफेंडर हिरवा दाखवतोय. टॅली उघडली, ३ तारखेनंतरच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी आहेत. निळा पडदा, फ्लॉपीकाका, तुमचे उपकार कसे फेडू? कराडला आलात तर जेवायला या, नाही म्हणायचं नाही.

जुना_फ्लॉपीवाला – दुपारी ५:२०

येणार. आता तीन गोष्टी आजच करा. ती ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे का बघा. बंद असेल तर रीस्टोर पॉइंट बनतच नाहीत, ते चालू करा. आणि टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी.

कृष्णाकाठ – २० तारीख, रात्री १०:४४

अकराच्या अकरा भरून झाली. शेवटचं सव्वादहाला, पोर्टल रडत होतं, पण झालं. एक दिवस चुकला असता तर दर दुकानामागे दिवसाला पन्नास रुपये, आणि वर माझी अब्रू.

आज दुकानातल्या मुलाचा फोन होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कीची अजून तीन वर्षं बाकी आहेत, केव्हा टाकायला येऊ?" मी म्हटलं, ये, पण माझ्यासमोर दोनदा रीस्टार्ट करून दाखवायचं. तो म्हणाला, "बंद-चालू करतो ना मॅडम, एकच आहे ते."

मीठभाकर – रात्री १०:५१

ताई, त्याला हा धागा पाठवा.

रच्याकने, मी माझा दुसरा काढला. आता कीबोर्ड चालत नाहीये, फोनवरून लिहितोय. ती ४डी३६ची ओळ नक्की कुठे होती म्हणालात?